ओसरीवरची इंग्रजी

संपादकांचे पत्र आले म्हणजे आमच्या घरी दिवाळी लागली असे समजावे. यंदाच्या पत्रात शेवटी एक ओळ होती : "वार्षिक अंक आहे, तेव्हा काही खुसखुशीत पाठवावे." खुसखुशीत म्हटले की आमच्या घरात चकलीपलीकडे कोणाची मजल जात नाही, आणि तीसुद्धा दर वर्षी साधतेच असे नाही. पण यंदा माझ्याजवळ एक हकिगत आहे. ती खुसखुशीत आहे की काय, हे वाचकांनीच ठरवावे. मला तर ती चाळीस वर्षे भाकरीतल्या खड्यासारखी दाताखाली येत आली आहे.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच की, मी पेशाने मास्तर. बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांतून बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवून २००८ साली मी निवृत्त झालो आणि अंबाजोगाईला घराच्या ओसरीवर येऊन टेकलो. या बत्तीस वर्षांत किती मुलांकडून मी 'गो-वेंट-गॉन' घोकून घेतले याचा हिशेब नाही. त्यांतली किती मुले माझ्यामुळे इंग्रजी बोलू लागली, हा हिशेब मात्र सोपा आहे. एकही नाही. आणि आता या वयात लपवून काय करायचे? त्यांचा मास्तरही बोलत नव्हता.

एकदाच प्रसंग आला होता. दासोपंतांची पासोडी पाहायला एक गोरे गृहस्थ आमच्या गावात आले. बसस्टँडवर कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवले आणि त्यांनी मला रस्ता विचारला. उत्तर मला येत होते. नुसते येत नव्हते, तीन प्रकारांनी येत होते. पण 'यू शुड गो' म्हणावे की 'यू विल हॅव टु गो' म्हणावे, याचा निर्णय मी करतो आहे तोवर एक रिक्षावाला पुढे झाला, "कम, कम! टेन रुपीज!" म्हणाला आणि पाहुण्याला घेऊन गेलासुद्धा. त्या रिक्षावाल्याला मी आठवीत इंग्रजीत नापास केले होते.

असो. ओसरीवरच्या वर्गाचे निमित्त झाले आमचे शेजारी. एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ माळकरी, बोलायला मोकळे, पण मुलाने अमेरिकेहून आईवडिलांची तिकिटे काढली आणि त्यांच्या पोटात गोळा आला. एके संध्याकाळी येऊन म्हणाले, "सर, विमानाचं भ्या नाही. पण तिथं उतरल्यावर साहेबानं काही विचारलं तर काय करू? तीन महिने हायेत. मला इंग्रजी बोलायला शिकवा."

मी मोठ्या उत्साहाने माळ्यावरून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढली. या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीत आणून सोडल्या. मराठी वाक्य घ्यायचे, त्याची वीट न वीट सुटी करायची आणि पलीकडे इंग्रजीची भिंत रचायची. भिंत पक्की होते, यात शंका नाही. अर्ज, दावे, हिशेबतपासणी असली सगळी कामे त्या भिंतीच्या आधाराने झाली. पण भिंत रचून होईपर्यंत विचारणारा थांबत नाही, हे मला पासोडीच्या वेळीच कळायला हवे होते. कंडक्टरसाहेबांना ते चार दिवसांत कळले. पुस्तक मिटून ते म्हणाले, "सर, पुस्तक लई चांगलंय. पण यात मला कुणी काही विचारीतच नाही."

बत्तीस वर्षांत एकाही शिक्षणाधिकाऱ्याने माझ्या शिकवण्यावर इतका अचूक शेरा मारला नव्हता!

मग मी दुसरी युक्ती काढली. "गाडीवर तुम्ही कोणती भाषा बोलत होता?" म्हणून विचारले. "मराठी," ते म्हणाले. "तिकीट मराठी? स्टॉप मराठी? डबल बेल?" ते हसायला लागले. आम्ही वही घेऊन बसलो. डेपो, ड्यूटी, टायमिंग, ट्रिप, सीट, हाफ, फुल, पास, लगेज, कॅश, चेकिंग, ब्रेकडाउन, रिझर्व्हेशन, नाइट आउट... दिवेलागणीपर्यंत साठावर शब्द झाले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून खेडोपाडी इंग्रजी शिकवणारी एवढी मोठी शाळा दुसरी झाली नसेल. फक्त तिला शाळा म्हणायचे कोणाला सुचले नाही. बीड शहरात तर रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर आमच्या जिल्ह्याच्या मुख्य गावाचा सारा भार लाल गाडीवर.

मग विमानतळ अवघड राहिला नाही. बोर्डिंग पास म्हणजे रिझर्व्हेशनचे तिकीट. लगेज म्हणजे लगेज. गेट म्हणजे फलाट. आणि तिकडे उतरल्यावर जो साहेब पासपोर्ट पाहतो, तो चेकिंगवाला. चेकिंग म्हटल्याबरोबर कंडक्टरसाहेबांचा चेहरा उजळला. "चेकिंगला मी कधी भ्यालो नाही, सर. कॅश बरोबर असली की झालं." साहेब काय विचारणार? कशाला आलात, कुठे राहणार, किती दिवस राहणार. त्याची उत्तरे आम्ही तीन-तीन शब्दांत बसवली : "टु मीट सन." "इन सन्स हाऊस." "थ्री मंथ्स ओन्ली." त्या 'ओन्ली'ला माझ्यातल्या मास्तराने नाक मुरडले, पण मी त्याला गप्प बसवले.

यानंतर आम्ही जे वाक्य शिकलो, ते मला सगळ्या इंग्रजीतले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते : "सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से अगेन." वाचकहो, हे वाक्य मी बत्तीस वर्षांत एकदाही कोणाला शिकवले नाही. कारण ते कोणत्याच परीक्षेला येत नाही. परीक्षेत 'मला कळले नाही' म्हणणाऱ्याला शून्य मिळते. जगात तेवढे म्हणता आले की पुढचा माणूस सावकाश बोलतो.

जेवणाचा पाठ आमच्या सौ.ने घेतला, म्हणजे ती मधे-मधे बोलत राहिली आणि आम्ही लिहून घेतले. माळकऱ्याला परदेशी मोठी धास्ती ताटाची. नुसते 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. कोणी अंडे त्यात धरतो, कोणाला मासाही चालतो. सौ. म्हणाली, "सरळ सांगायचं ना : नो मीट, नो फिश, नो एग." या वाक्यात क्रियापद नाही, कर्ता नाही, आणि तरी त्यात काही कमी नाही.

शेजारीणबाईंनी नातवासाठी सीताफळे न्यायची म्हणून धरली होती. बालाघाटाच्या डोंगरातली आमची सीताफळे. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ताजी फळे अमेरिकेत सहसा आत नेऊ देत नाहीत. पेटीत असतील तर सांगावे लागते. तेव्हा ती राहिली. तेवढ्यावरून सीताफळाला इंग्रजीत काय म्हणतात, ही चर्चा निघाली. 'कस्टर्ड अ‍ॅपल.' त्यात कस्टर्ड नाही, सफरचंद नाही आणि सीता तर मुळीच नाही. गंमत अशी की, हे झाड मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. परक्या मुलखातून आलेल्या फळाला आपण सीतेचे नाव दिले आणि घरचे करून टाकले. तेव्हा कोणी कोणाचे व्याकरण तपासले नव्हते.

फळे राहिली, येसर मात्र पेटीत गेला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ. त्याची आमटी हा आमच्या मराठवाड्याचा जीव की प्राण. साहेबाने पुडी धरून विचारले तर? वाक्य ठरले : "स्पाइस. फॉर करी. फॉर माय सन."

हळूहळू ओसरीवर गर्दी वाढली. पुण्याच्या विमानतळावर भाड्याची मोटार चालवणारा गल्लीतला एक मुलगा सुटीला आला की हजेरी लावी. त्याचे इंग्रजी दोन वाक्यांचे : "व्हिच गेट, सर?" आणि "ओटीपी प्लीज." त्यावर त्याचे घर चालले होते. आणि अशाच एका संध्याकाळी, दसऱ्याच्या सुमाराला, फाटकापाशी टेम्पो थांबला. पन्नाशी उलटलेला एक माणूस आणि त्याची तरुण मुलगी उतरली. त्याने वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले, तरी क्षणभर उजेड पडला नाही. आणि मग एकदम पडला.

मुलीने तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स केला होता. मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात मुलाखतीला गेली. कामात हुशार, पण इंग्रजीत प्रश्न आले तशी घशाला कोरड पडली आणि परत आली. बाप सांगत होता, मुलगी खाली पाहत होती. शेवटी तो म्हणाला, "सर, फीचं तुम्ही सांगाल तसं. एकच विनंती हाय. पोरगी चुकली तर हसू नका."

तो हे काही टोचून बोलला नाही. साधेच बोलला. पण मला ओसरी फिरल्यासारखी झाली.

१९८३ सालची गोष्ट. हा मुलगा तेव्हा सहावीत होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे म्हणतातच 'एक कोयता'. त्यांच्याबरोबर मुलेही जात. तेव्हा या मुलाची शाळा वर्षातले जेमतेम सहा-सात महिने. वर्गात मी नियम केला होता की, बाहेर जायचे तर इंग्रजीत विचारायचे. 'मे आय कम इन, सर?' आणि 'मे आय गो आउट, सर?' ही दोन वाक्ये फळ्यावर कोपऱ्यात कायम लिहिलेली असत. एके दुपारी हा उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "सर, मे आय वॉटर?"

मी हसलो. मास्तर हसला म्हटल्यावर चाळीस मुले हसली. मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले, आणि पुन्हा हसलो. त्या दिवसापासून शाळेत त्याचे नाव 'वॉटर' पडले. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर गेला, पाडव्याच्या सुमारास परत आला. पण माझ्या तासाला त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि हातात कोयता आला.

आता विचार करता लक्षात येते ते असे. बत्तीस वर्षांत माझ्या वर्गातली मुले फळ्यावरची वाक्ये म्हणत आली. गरज लागली म्हणून स्वतःच्या डोक्याने वाक्य जुळवणारा मुलगा मला एकच भेटला. 'मे आय' त्याला फळ्यावरून मिळाले होते, 'वॉटर' धड्यातून. दोन्ही जोडून त्याने तहान सांगितली. मला ती कळलीही होती. बोलणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

मुलगी रोज संध्याकाळी येऊ लागली. बाप टेम्पो लावून पायरीवर बसे. एकदा सहज म्हणाला, "सर, कारखान्यावर बेळगावाकडं गेलो तर कानडी मला दोन महिन्यांत आली. पहिल्या दिवशी नुसतं 'नीर, नीर' म्हणालो. तिथल्या बाईनं तांब्या भरून दिला. मग 'नीरु कोडी' म्हणायचं असतं, हे बी तिनंच सांगितलं." मी काही बोललो नाही. काय बोलणार? आधी तांब्या, मग व्याकरण, ही रीत त्या बाईला ठाऊक होती. बी. एड. मी झालो होतो.

वास्तविक आमच्या मुलखाला परक्या भाषेचे भय कधीच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कचेरीत उर्दू, वरच्या शाळांत उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दूतून शिकवणारे. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. घरी ज्ञानेश्वरी वाचत आणि कचेरीत अर्ज उर्दूत लिहीत. ती सक्ती होती आणि तिचा जाच होता, हे खरेच; मराठी शाळांसाठी लोकांना झगडावे लागले. पण बाजारात, शेजारात जी भाषा कानावर पडे तिला लाजून कोणी गप्प बसले नाही. चुकतमाकत बोलले आणि बोलता बोलता शिकले.

इंग्रजी तेवढी आमच्याकडे बाजारातून आली नाही. ती आली परीक्षेच्या दाराने, लाल शाईची दौत घेऊन. 'वाघिणीचे दूध' म्हणून तिची ख्याती. पण आम्ही मास्तरांनी मुलांना वाघीणच तेवढी दाखवली, दूध बाजूलाच राहिले. २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. माझ्यासारखा मास्तर असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की, जी भीती पाचवीत बसायची ती आता पहिलीत बसते.

म्हणून सगळ्याच चुकांना माफी असे मात्र नव्हे. हे मला त्या मुलीने शिकवले. 'ही हॅज फीव्हर सिन्स मॉर्निंग' असे ती म्हणाली आणि मी सवयीने 'हॅज हॅड' म्हणून दुरुस्ती केली. ती नम्रपणे म्हणाली, "सर, ताप कळला ना? तेवढं बास. पण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' माझं नीट करून घ्या. तिथं चुकलं तर पेशंटला औषध जास्त जाईल." मग आम्ही 'वन फाइव्ह' आणि 'फाइव्ह झीरो' असे आकडे सुटे करून म्हणायची सवय केली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध परत म्हणून दाखवायचे, ही त्यांच्या कामातली शिस्तच आहे. त्यासाठी "लेट मी रिपीट, डॉक्टर" हे वाक्य बसवले. दुखण्याचे शब्द जुळवले : चमक म्हणजे शार्प, ठणका म्हणजे थ्रॉबिंग, जळजळ म्हणजे बर्निंग, नुसते मंद दुखणे म्हणजे डल. कळ, सल, ठसठस, उमाळा असे आपले कितीतरी शब्द उरलेच. पण रोग्याची भाषा तिला आधीच येत होती, डॉक्टरांपुरती इंग्रजी हवी होती. कोणती चूक माणसाला लागते आणि कोणती नुसती मास्तराला लागते, एवढा फरक कळला की निम्मी इंग्रजी आली असे मी आता समजतो.

आणि हसलो नाही. एकदाही नाही. ते वाटते तितके सोपे नव्हते हो! सवय जुनी होती.

कंडक्टरसाहेब तीन महिने राहून सुखरूप परत आले. येसर सुटला, 'ओन्ली'ही चालून गेला. फसगत झाली ती भलतीकडेच. मुलाच्या शेजारी एक म्हातारी राहत असे. तिच्याकडे चहा घेऊन हे उठले आणि आपल्या रीतीप्रमाणे म्हणाले, "आय कम." आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ती बिचारी बराच वेळ दार उघडे धरून उभी! या वाक्यात व्याकरणाची म्हणाल तर चूक नाही, आणि सगळेच चुकले. 'नो मीट, नो फिश'मध्ये सगळी चूक, आणि ताट बरोबर वाढले गेले. दुसऱ्या दिवशी म्हातारीला खुलासा कळला आणि ती हसली. "पण सर," कंडक्टरसाहेब म्हणाले, "ती माझ्यासंगं हसली, मला हसली नाही."

मुलगी पुढच्या मुलाखतीत निवडली गेली. दोन वाक्यांना अडली. पण तेव्हा "प्लीज से अगेन" म्हणाली आणि समोरच्यांनी पुन्हा विचारले. हे सांगायला बाप मे महिन्यात भर दुपारी आला. उन्हाने चेहरा काळवंडलेला. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, पायरीवर टेकला, गळ्यातल्या उपरण्याने घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मे आय वॉटर?"

तो हसत होता की काय, मला सांगता येणार नाही. मला नीट दिसतच नव्हते. मी आत गेलो, माठातले पाणी तांब्यात भरून आणले आणि त्याच्या हातात दिले. तो प्यायला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "थँक यू, सर."

आता माझी पाळी होती. एस. टी.च्या गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला तर मी शेकडो वेळा म्हटलेला एक इंग्रजी शब्द आहे. त्याला ना काळ, ना क्रियापद. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात तो मला आला नव्हता. त्या दुपारी आला.

"कशाचं सॉरी, सर?" तो म्हणाला आणि उठला. "पोरीचा फोन येईल आता. येतो मी."

'येतो' म्हणाला, म्हणून दार उघडेच ठेवले आहे. दिवाळीला बापलेक दोघे येणार आहेत. चकली साधली तर ठीक, नाहीतर संपादकांना ही हकिगतच फराळाला.